पद्धत वेगळी, पद्धतिशास्त्र वेगळं

प्रबंधाचं तिसरं प्रकरण उघडलं की बहुतेक वेळा ओळखीचा मजकूर समोर येतो. 'प्रस्तुत संशोधनासाठी सर्वेक्षण पद्धतीचा अवलंब करण्यात आला आहे.' मग नमुना कसा निवडला, प्रश्नावलीत किती प्रश्न होते, किती जणांनी ती भरून दिली, टक्केवारी कशी काढली. शेवटी सॉफ्टवेअरचं नाव, तेही आवृत्तीच्या क्रमांकासह. आणि प्रकरणाचं शीर्षक काय, तर 'संशोधनाचे पद्धतिशास्त्र'. दारावर पाटी एकाची, घरात राहतो दुसराच.

दोष सगळा लिहिणाऱ्याचा नाही, थोडा भाषेचाही आहे. 'पद्धत' आणि 'पद्धती' हे एकाच शब्दाचे दोन अवतार. 'रिसर्च मेथडॉलॉजी' या विषयाचं मराठी नाव बहुधा 'संशोधन पद्धती' असंच छापलेलं असतं. त्यामुळे विद्यार्थी आपल्या मनाशी हिशेब मांडतो की मेथड म्हणजे पद्धत आणि मेथडॉलॉजी म्हणजे पद्धती. म्हणजे तीच, जरा नटूनथटून आलेली. इंग्रजीत लिहिणारेही यात मागे नाहीत. 'मेथड' म्हणून भागत असताना भारदस्त वाटतं म्हणून 'मेथडॉलॉजी' लिहिणारे सगळीकडे सापडतात.

पद्धत म्हणजे तुम्ही केलं काय. कुणाला भेटलात, कुठले कागद पाहिलेत, काय विचारलंत, कसं मोजलंत. पद्धतिशास्त्र म्हणजे एवढं सगळं केल्यावर तुम्हाला काही कळलं, असं तुम्ही कशाच्या जोरावर म्हणता. समोर आलेला आकडा, आठवण किंवा कागद नेमका कशाचा पुरावा आहे? तो पुरावा आहे हे ठरवलं कुणी? पद्धत सांगता येते, पद्धतिशास्त्र मांडावं लागतं.

अशा व्याख्या वाचताना पटतात आणि लिहायला बसलं की विसरतात. म्हणून एक जुनं उदाहरण जरा निवांत पाहू.

एमील दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचा आत्महत्येवरचा ग्रंथ १८९७ साली आला. त्याची पद्धत कुणालाही समजेल अशी होती. युरोपातल्या देशांचे आणि प्रांतांचे सरकारी आकडे गोळा करायचे, त्यांचे दर काढायचे आणि धर्म, वैवाहिक स्थिती, वय असे गट पाडून दर शेजारी शेजारी मांडायचे. त्यासाठी त्याचा भाचा मार्सेल मोस याने सुमारे २६,००० प्रकरणांच्या नोंदी वय, लिंग, लग्न, मुलंबाळं अशा कप्प्यांत हाताने लावून दिल्या. (या नोंदी सरकारी दप्तरात पाहायला मिळाल्या त्या गाब्रिएल तार्द याच्यामुळे, आणि हा तार्द म्हणजे समाजशास्त्रातला दुर्खीमचा कडवा प्रतिस्पर्धी. विद्येच्या क्षेत्रात असंही घडतं.) निष्कर्ष प्रसिद्ध आहे. प्रोटेस्टंट प्रांतांत दर जास्त, कॅथलिक प्रांतांत कमी. आणि कारण असं की माणूस ज्या समूहात राहतो त्याची वीण जितकी सैल, तितका दर चढा.

या कामावर पुढे पुष्कळ आक्षेप आले. त्यातले तीन ओळीने लावले की आपला प्रश्न बराचसा सुटतो.

पहिला आक्षेप हिशेबाचा. अमुक तक्ता चुकला, अमुक प्रांताची लोकसंख्या नीट धरली नाही, दोन देशांच्या नोंदवह्या एकसारख्या नव्हत्या. हा निव्वळ पद्धतीचा मामला. आकडे दुरुस्त करा, पुन्हा दर काढा. दुर्खीम असता तर त्यानेही मान डोलावली असती.

दुसरा आक्षेप मधल्या उंबरठ्यावरचा आहे. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९५० मध्ये एक छोटासा लेख लिहिला. हाताशी १९३० च्या अमेरिकी जनगणनेचे आकडे होते. राज्यवार पाहिलं तर परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण जिथे जास्त तिथे निरक्षरता कमी. सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी किती जोडीने कमीजास्त होतात याचं माप, उणे ०.५३. माणूसवार पाहिलं तर चित्र उलटं. परदेशात जन्मलेल्यांत निरक्षरता किंचित जास्तच. सहसंबंध अधिक ०.१२. कोड्याचं उत्तर सोपं होतं. बाहेरून आलेले लोक स्थायिक झाले तेच मुळी जास्त साक्षर राज्यांत. गटाबद्दलचा निष्कर्ष व्यक्तीच्या माथी मारू नये, हा धडा त्यातून निघाला. तो दुर्खीमला लावून बघा. प्रोटेस्टंट प्रांतात दर जास्त आहे म्हणून मरणारे प्रोटेस्टंटच होते असं कशावरून? कदाचित तिथल्या अल्पसंख्य कॅथलिकांमध्येच तो वाढला असेल.

हा आक्षेप पद्धतीवर की पद्धतिशास्त्रावर? माझ्या मते निम्मा निम्मा. व्यक्तीनिहाय नोंदी मिळवल्या तर हिशेब सुधारतो. तेवढ्यापुरती ही पद्धतीची गोष्ट. पण दुर्खीमला असंही म्हणता आलं असतं की, 'व्यक्तीबद्दल मी बोलतच नाही. दर ही स्वतंत्र सामाजिक वस्तुस्थिती आहे आणि मला तिचंच स्पष्टीकरण हवं आहे.' हे वाक्य उच्चारलं की तो तक्त्यांच्या खोलीतून उठून पद्धतिशास्त्राच्या खोलीत जाऊन बसतो. किंबहुना तिथे तो आधीच बसलेला होता. सामाजिक वस्तुस्थितीकडे वस्तू म्हणून पाहा, हा आग्रह त्याने १८९५ च्या 'समाजशास्त्रीय पद्धतीचे नियम' या पुस्तकात मांडला होता. गंमत म्हणजे त्या पुस्तकाच्या नावात शब्द आहे 'पद्धत', आणि आत आहे ते अस्सल पद्धतिशास्त्र. आद्य आचार्यांनीच पाट्यांची अदलाबदल केली असेल, तर विद्यार्थ्याला किती बोल लावायचा?

तिसरा आक्षेप जॅक डग्लस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाचा, १९६७ मधला. त्याने बेरीज-वजाबाकीला हात लावला नाही, थेट आकड्याच्या जन्मालाच हात घातला. एखादा मृत्यू 'आत्महत्या' म्हणून नोंदला जातो म्हणजे कुणीतरी अधिकारी तसं ठरवतो. घरचे काही सांगतात, काही लपवतात; डॉक्टरचं मत असतं; गावाची आणि धर्माची लाज असते. जो समूह घट्ट विणलेला, त्याला असा मृत्यू झाकणंही जास्त जमतं. मग कॅथलिक प्रांतांतले कमी दर हे कमी आत्महत्यांचे निदर्शक, की यशस्वी लपवाछपवीचे? पुढे मॅक्सवेल अ‍ॅटकिन्सन याने १९७८ मध्ये दाखवलं की मृत्यूची चौकशी करणारे अधिकारी चिठ्ठी सापडली का, मृत्यू कुठे आणि कसा झाला, माणूस आधी खचलेला होता का, अशा खुणांवरून आपला निर्णय बांधतात. म्हणजे आत्महत्या कोण करतं याबद्दल त्यांच्या मनात एक सिद्धान्त आधीच तयार असतो, आणि आकडे त्या सिद्धान्तातून गाळून बाहेर येतात.

इथे कुठलीही दुरुस्ती उपयोगी पडत नाही. नमुना दुप्पट केला, नवं सॉफ्टवेअर आणलं, तरी डग्लसचा प्रश्न जागचा हलत नाही. कारण नोंदवही तीच राहिली आणि ती कशाची साक्ष देते हेच बदललं. दुर्खीमच्या हातात ती मरणाऱ्यांची नोंदवही होती. डग्लसच्या हातात ती नोंद करणाऱ्यांची झाली. पद्धत आणि पद्धतिशास्त्र यांच्यातला फरक मला यापेक्षा स्वच्छ कुठे दिसलेला नाही.

आता मुलाखतीकडे येऊ, कारण सर्वात जास्त गोंधळ तिच्याभोवती असतो. मुलाखत ही पद्धत. ती घेतली एवढं सांगून काहीच सांगितलं असं होत नाही.

इटलीतल्या तेर्नी या पोलाद कारखान्याच्या गावात १७ मार्च १९४९ रोजी लुईजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार पोलिसांशी झालेल्या चकमकीत मारला गेला. उत्तर अटलांटिक करारात (म्हणजे 'नाटो'त) इटलीने सामील होऊ नये म्हणून निघालेल्या निषेधाचा तो दिवस होता. पुढे मौखिक इतिहासाचे अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी तिथल्या कामगारांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट पुढे आली. अनेक जण हा मृत्यू १९५३ सालचा सांगत होते, कारखान्यातून मोठी कामगार कपात झाली आणि रस्त्यावर लढाई पेटली त्या वेळचा.

मुलाखत घेणारा कुणीही असो, ध्वनिफीत हीच हाती लागली असती. मात्र एक संशोधक वर्तमानपत्र आणि पोलीस दप्तर काढेल, तारीख चूक असल्याचं पाहील आणि या साक्षी बाजूला ठेवेल. त्याच्या लेखी स्मृती ही घटनेकडे जाणारी वाट, आणि वाट चुकली तर ती टाकायची. पोर्तेल्लींनी उलटं केलं. तारीख चूक आहे हे त्यांनी लपवलं नाही, कागदांशी ताडून दाखवलं; आणि मग विचारलं की इतक्या जणांची चूक एकाच दिशेने का जाते? करारविरोधी मोर्च्यात गेलेला साथीदाराचा जीव, ज्याचं उत्तर कामगारांना देता आलं नाही, तो वर्षानुवर्षं सलत राहिला. आठवणीने त्याला उचलून अशा लढ्यात नेऊन ठेवलं, जिथे त्या मरणाला काही अर्थ लाभला. घटना कळायला कागद पुरेसे होते. लोकांनी त्या घटनेचं काय केलं, हे फक्त चुकीच्या तारखेतून कळलं.

पहिल्या संशोधकाला चूक म्हणजे दोष, दुसऱ्याला चूक म्हणजे सापडलेला ऐवज. दोघांनी आपापल्या प्रबंधात 'मुलाखत पद्धतीचा अवलंब केला' एवढंच लिहिलं, तर वाचणाऱ्याला हे दोन संशोधक एकच वाटतील.

एक गैरसमज इथेच झटकून टाकायला हवा. 'माझं पद्धतिशास्त्र गुणात्मक आहे' असं वाक्य सर्रास दिसतं. गुणात्मक आणि संख्यात्मक ही सामग्रीची आणि ती हाताळण्याच्या रीतीची नावं आहेत. मुलाखतींना सांकेतिक क्रमांक देऊन त्यांची बेरीज करता येते, आणि सरकारी आकडे एखाद्या कवितेसारखे ओळींच्या मधलं वाचत वाचता येतात. डग्लसने बऱ्याच अंशी तेच केलं. 'मी दोन्ही वापरलं, म्हणून माझं संशोधन मिश्र' हेही तसंच. प्रश्नावली आणि मुलाखत एकत्र आणणं अवघड नसतं. अवघड वेळ येते ती प्रश्नावली एक सांगते आणि मुलाखत दुसरं सांगते तेव्हा. कुणाचं खरं मानायचं? किंवा मुळात दोन्ही एकाच गोष्टीबद्दल बोलतायत का? मिश्र पद्धतीचे बहुतेक प्रबंध नेमक्या याच पानावर घाईत असतात.

प्रश्नावली, मुलाखत-मार्गदर्शिका, निरीक्षण-सूची ही तर नुसती साधनं. सर्वेक्षण ही पद्धत, प्रश्नावली हे तिचं साधन. हा भेद पाठ्यपुस्तकांत नीट दिलेला असतो, त्यावर अधिक शाई नको.

मानवशास्त्रात मात्र पद्धतीचाच इतका गाजावाजा झाला की पद्धतिशास्त्र तिच्या सावलीत गेलं. ब्रोनिस्लाव मॅलिनोव्स्की १९१५ ते १९१८ दरम्यान दोन खेपांमध्ये न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअंड बेटांवर राहिला आणि १९२२ मध्ये त्याचा ग्रंथ आला. गावात तंबू ठोकून राहणं ही त्याची खूण ठरली. पण वसाहतींमध्ये मिशनरी, व्यापारी आणि अधिकारीही वर्षानुवर्षं राहतच होते, काहींना भाषाही उत्तम येत होत्या. निराळा होता तो मॅलिनोव्स्कीचा दावा: तिथल्या माणसाच्या नजरेतून त्याचं जग कसं दिसतं, ते समजून घेणं हे ज्ञानाचं उद्दिष्ट आहे आणि ते साधता येतं. तंबू ही पद्धत, हा दावा पद्धतिशास्त्र. पुढच्या पिढ्या भांडल्या त्या या दाव्यावरून, तंबूवरून कुणी फारसं भांडलं नाही.

मसुदा तपासताना मी एक साधी युक्ती वापरतो. वाक्यातली गोष्ट बदलून पाहायची. पन्नासऐवजी साठ मुलाखती केल्या, तर पुराव्याचं वजन थोडं वाढेल, अर्थ बदलणार नाही. म्हणजे आपण पद्धतीत आहोत. पण 'सांगणारा घडलेलं सांगतो' याच्या जागी 'सांगणारा सांगता सांगता स्वतःला घडवतो' असं धरलं, तर त्याच पन्नास मुलाखती वेगळ्याच गोष्टीचा पुरावा होतात. तिथे पद्धतिशास्त्र सुरू झालं. युक्ती दर वेळी चालत नाही. रॉबिन्सनचं उदाहरण ती अर्धवटच पकडते. तरी नव्वद टक्के मसुद्यांना पुरते, आणि हा आकडा माझ्या अंदाजाचा, सर्वेक्षणाचा नव्हे.

मौखिक परीक्षेत परीक्षक विचारतात, 'हीच पद्धत का निवडली?' त्याला 'वेळ कमी होता' हे प्रामाणिक उत्तर असतं आणि ते पद्धतीबद्दल असतं. पुढचा प्रश्न बहुधा कुणी विचारत नाही: लोकांनी तुम्हाला खरं सांगितलं नसतं, तर तुमच्या निष्कर्षाचं काय झालं असतं?

साहित्याच्या अभ्यासकांची अडचण याहून वेगळी. त्यांच्याकडे पद्धत म्हणून सांगण्यासारखं फारसं नसतंच. पुस्तक वाचलं, पुन्हा वाचलं, टिपणं काढली. पण प्रबंधाच्या ठरीव आराखड्यात रकाना आहे म्हणून तिथे 'ग्रंथालयीन पद्धतीचा अवलंब केला' असं लिहून टाकतात. म्हणजे ग्रंथालयात गेलो होतो, एवढंच. वास्तविक सगळा भार पद्धतिशास्त्रावर असतो. विमसॅट आणि बिअर्डस्ली या अमेरिकी अभ्यासकांच्या जोडीने १९४६ मध्ये ठासून मांडलं की कवीचा हेतू हा त्याच्या कवितेचं यश जोखण्याचा निकष होऊ शकत नाही. हे मान्य करणारी अभ्यासक कवीची पत्रं वाचेल आणि फार तर तळटीपेत टाकेल. अमान्य करणारी तीच पत्रं उचलून तिसऱ्या प्रकरणाच्या मध्यावर ठेवेल. दोघींच्या टेबलावर कविता तीच आहे, पत्रांची पेटीही तीच आहे, आणि दोघींच्या प्रबंधात पद्धतीचं वाक्यही अक्षरशः एकच आहे.