ते भोक बुजवू नका

मागच्या पावसाळ्यात माझा भाचा खानापूरहून आला. मोटरसायकल अंगणात लावली आणि बूट काढता काढता म्हणाला, "मामा, गाडीतनं पाणी गळालं होतं, ते बंद करून घेतलंय. पण आता ऑइलच कसं तरी दिसालंय बघा." इंजिनच्या उजव्या अंगाला ऑइल बघायची गोल काच असते. त्या काचेत दुधाळ चहा भरलेला दिसत होता. खाली बसून बॅटरी मारली. वॉटर पंपाच्या बुडाशी काडेपेटीच्या काडीएवढं भोक असतं, त्या जागी एमसीलचा करडा गोळा बसवलेला, वरून अंगठ्यानं छान गुळगुळीत केलेला.

गॅरेजवाल्यानं "नीर सोराकत्तैत्री" (कन्नडमध्ये, पाणी गळतंय) म्हणत भोक दाखवलं होतं आणि जिथून पाणी येतंय तिथं बूच मारलं होतं. त्याच्या मनात खोट नव्हती. फुटक्या टाकीचं भोक आपण असंच बुजवतो. पण इंजिनमधलं हे भोक फुटलेलं नसतं. ते कारखान्यात मुद्दाम पाडलेलं असतं. अशी बूच मारलेली गाडी मी वर्षभरात तिसऱ्यांदा पाहिली, म्हणून हे लिहायला बसलो.

आपल्या भागात पाण्यावर थंड होणाऱ्या मोटरसायकली फार जुन्या नाहीत. 2008 मध्ये यामाहाची आर15 आली, 2012 मध्ये ड्यूक 200 आणि पल्सर 200 एनएस आल्या, आणि मग कॉलेजच्या पोरांकडं रेडिएटरवाली गाडी दिसू लागली. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांना वारा पुरत होता. म्हणून गळती म्हटली की पेट्रोल नाहीतर ऑइल, एवढंच आपल्या डोक्यात बसलंय.

रेडिएटरमध्ये असतं ते कूलंट: साधारण निम्मं पाणी, निम्मं एथिलीन ग्लायकॉल, आणि गंज रोखणारी थोडी रसायनं. हिरवा, गुलाबी, निळा हा नुसता रंग असतो, त्यावरून प्रत ठरत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचावर आहे, त्यामुळं आपल्या चुलीवर पाणी 100 ला नाही, साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. इंजिनला हे परवडत नाही. म्हणून रेडिएटरचं झाकण कुकरच्या शिट्टीसारखं काम करतं. त्यावर 1.1 असा आकडा असेल, तर आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा 1.1 बारनं वाढेपर्यंत ते उघडत नाही. तेवढ्या दाबाखाली नुसतं पाणीसुद्धा 120 अंशांपर्यंत उकळत नाही, ग्लायकॉल मिसळलं की आणखी वर. गरम गाडीचं झाकण उघडू नका म्हणतात ते यासाठी. दाब एकदम गेला की आतलं सगळं एका क्षणात उकळी फुटून तोंडावर येतं.

या झाकणाला उलट्या दिशेचीही एक बारीक झडप असते. इंजिन तापलं की कूलंट फुगतं आणि जास्तीचं बाजूच्या छोट्या टाकीत जातं. निवलं की त्या झडपेतून परत आत ओढलं जातं. झाकणाचं रबर कडक झालं की टाकी भरून वाहते आणि माणूस रेडिएटर फुटला म्हणून घाबरतो. गळतीच्या बऱ्याच तक्रारी एका झाकणात मिटतात, तेव्हा आधी झाकण बघा.

झाकण ठीक असेल तर शोध घ्यायचा. पहिलं काम गाडी धुणं. जांबोटी-खानापूरच्या तांबड्या चिखलाखाली कुठलाच डाग दिसत नाही. धुऊन, पुसून, रात्रभर खाली पांढरा पुठ्ठा घालून ठेवा. पाणी वाळून जातं, पण ग्लायकॉल 197 अंशांशिवाय उकळत नाही, म्हणून तो सहज उडत नाही. मागं चिकट, रंगीत डाग राहतो, जुना झाला की पांढरट खरपुडी धरते. ती खरपुडी जिथं सगळ्यात वर दिसते तिथून गळती सुरू होते. खाली ठिबकतं ती जागा फसवी असते, कारण गाडी पळताना वारा थेंब मागं ढकलतो.

काही गळत्या गार इंजिनलाच होतात: सकाळी रबर आखडलेलं असतं, क्लॅम्प सैल पडतो, आणि गाडी तापली की सगळं फुगून फट मिटते. असा क्लॅम्प एक पीळ आवळला की काम होतं, होज पाईप टोकाशी चिरला असेल तर बदलावा लागतो. काही गळत्या उलट, दाब चढल्यावरच दिसतात. त्यांच्यासाठी रेडिएटरच्या तोंडाला लावायचा हातपंप मिळतो. इंजिन गार असताना झाकणावरच्या आकड्याएवढा दाब भरायचा आणि काटा उतरतोय का बघायचं. काटा उतरतोय, बाहेर मात्र थेंब नाही, असं झालं तर पाणी इंजिनच्या आत जातंय. एक्झॉस्टमधून गोडसर वासाचा पांढरा धूर थांबतच नसेल, किंवा गार असताना झाकण काढून गाडी सुरू केल्यावर रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतच राहत असतील, तर हेड गॅस्केटवर, म्हणजे सिलिंडर आणि त्याच्या हेडमधल्या पॅकिंगवर, संशय घ्यायचा. पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाला थोडी साय धरते, ती वाफेची असते. तेवढ्यावरून इंजिन खोलू नका. भाच्याच्या काचेत साय नव्हती, सगळंच दुधाळ होतं.

आता त्या भोकाकडं येतो. मी बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिकचे भाग करणाऱ्या कारखान्यात लॅपिंगच्या, म्हणजे भाग बारीक घासून सपाट करायच्या, टेबलावर नोकरी काढली, त्यामुळं इथं थोडा रेंगाळणार आहे.

पंपाचा शाफ्ट एका टोकाला इंजिनच्या ऑइलमध्ये असतो आणि दुसऱ्या टोकाला, म्हणजे पंखा बसतो तिथं, कूलंटमध्ये. फिरणारा शाफ्ट भिंतीतून आरपार जातो, मग फट राहणारच. ती बंद कशी करायची? ऑइलच्या बाजूला रबरी ओठाचं साधं ऑइल सील चालतं. कूलंटच्या बाजूला मेकॅनिकल सील लागतं, म्हणजे समोरासमोर टेकलेली दोन कडी. एक कार्बनचं, दुसरं सिरॅमिकचं किंवा सिलिकॉन कार्बाइडचं. एक शाफ्टबरोबर फिरतं, दुसरं जागेवर उभं राहतं, आणि एक स्प्रिंग त्यांना एकमेकांवर दाबून धरते. बस्स, एवढंच. मधे रबर नाही, पॅकिंग नाही.

मग पाणी अडतं कसं? कड्यांच्या सपाटीमुळं. ही सपाटी फूटपट्टीनं किंवा मायक्रोमीटरनं कळत नाही. ती बघायला आम्ही काचेची एक जाड चकती वापरायचो, जिची खालची बाजू जवळजवळ परिपूर्ण सपाट असते. लॅप केलेल्या कड्यावर ती ठेवायची आणि वरून सोडियमच्या दिव्याचा पिवळा उजेड पाडायचा. काच आणि कडं यांच्यामधल्या हवेच्या पातळ थराच्या वरून एक आणि खालून एक असा प्रकाश दोनदा परततो. दोन लाटा एकमेकींत मिसळतात, कुठं जोर धरतात, कुठं एकमेकींना मारतात, आणि कड्यावर काळ्या-पिवळ्या रेघा उमटतात. बारावीला न्यूटनची वलयं शिकलो ती हीच. सोडियमच्या प्रकाशाची तरंगलांबी 589 नॅनोमीटर. एका काळ्या रेघेवरून शेजारच्या रेघेवर गेलं की हवेच्या थराची जाडी तिच्या निम्म्यानं, म्हणजे 0.29 मायक्रॉननं बदलते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). रेघा सरळ आणि समांतर आल्या तर पृष्ठभाग सपाट. एखादी रेघ शेजारणीच्या जागेपर्यंत वाकली तर तिथं 0.29 मायक्रॉनचा उंचवटा किंवा खळगा आहे. सीलच्या कड्याला अशा दोन-तीन रेघांपेक्षा जास्त वाक चालत नाही. म्हणजे सगळ्या कड्यावर मिळून चूक एका मायक्रॉनच्या आत. माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास असतो.

एवढी सपाट दोन कडी कोरडी घासली तर काही मिनिटांत जळतील. पंपाचा शाफ्ट मिनिटाला 6,000 फेरे घेत असेल आणि कड्यांचा व्यास 18 मिलिमीटर असेल, तर घासण्याचा वेग सेकंदाला साडेपाच मीटरच्या वर जातो, म्हणजे ताशी 20 किलोमीटर. त्यांना वंगण हवं, आणि ते वंगण म्हणजे कूलंटच. कड्यांच्या मधे कूलंटचा मायक्रॉनभर किंवा त्याहूनही पातळ पापुद्रा शिरतो आणि कडी त्यावर तरंगतात. पाणी अडवणारं सील पाण्यावरच तरंगतं! आणि पापुद्रा आहे म्हटल्यावर त्यातला अगदी थोडा अंश पलीकडं जाणारच. जे सील मुळीच झिरपत नाही ते कोरडं पडतं आणि मरतं.

मग गळती दिसत का नाही? अरुंद फटीतून जाणारा द्रव फटीच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाहतो. फट दुप्पट झाली की गळती आठपट. हाच हिशोब उलटा धरा: फट पाऊण मायक्रॉनची असताना जेवढं झिरपतं, ती केसाएवढी झाली तर त्याच्या सुमारे आठ लाख पट वाहील. म्हणून शाबूत सीलमधून जे येतं ते कड्यांच्या उष्णतेनं तिथल्या तिथं वाफ होऊन जातं, आणि सपाटी थोडी बिघडली की त्याचे थेंब होतात.

हे थेंब ऑइलकडं जाऊ नयेत म्हणून दोन सीलांच्या मधे एक रिकामी पोकळी ठेवतात आणि तिच्या तळाला भोक पाडतात. भोकातून काय येतंय ते वाचता आलं पाहिजे. वाळलेला एखादा डाग असेल तर काळजी नाही. रोज कूलंटचे थेंब येतात म्हणजे मेकॅनिकल सील गेलं. ऑइल आलं तर ऑइल सील गेलं. दोन्ही आलं तर दोन्ही सीलं गेली, आणि शाफ्टचं बेअरिंग हलतंय का तेही बघायला हवं. भोक बुजवलं की पोकळी भरते. ऑइल सीलचा ओठ इंजिनकडून येणारं ऑइल अडवायला बसवलेला असतो, मागून रेटणारं कूलंट तो फार काळ थोपवू शकत नाही. मग ग्लायकॉल ऑइलमध्ये उतरतो, चिखल होतो, आणि बेअरिंगांना वंगणाऐवजी तो चिखल मिळतो. चिखलानं आपोआप बुजलेलं भोकही तेवढंच वाईट, ते बारीक तारेनं हलक्या हातानं मोकळं करा.

सील बिघडतं मुख्यतः आपल्या हातानं. बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये ओततो आणि त्यातला चुना गरम कड्यांच्या काठाशी साचतो. काही कूलंटमध्ये सिलिकेट असतं, ते पुढं कड्यांना घासतं, म्हणून अनेक जपानी गाड्यांच्या पुस्तकात सिलिकेट नसलेलं कूलंट लिहिलेलं असतं. घाटात गाडी उकळून कोरडी पडली की तापलेल्या सिरॅमिकवर बाटलीतलं गार पाणी ओततो आणि कड्याला तडा जातो. अर्धा तास सावलीत थांबलात तर सील वाचतं.

घाटात उकळणाऱ्या गाडीला बाधा झालीय म्हणून हँडलला लिंबू-मिरची बांधलेली मी पाहिली आहे. चढाला इंजिन जास्त राबतं, वेग कमी असल्यानं रेडिएटरला वारा कमी मिळतो, आणि टाकीत पाणी नसतं, याहून वेगळं काही तिथं घडत नाही. रेडिएटरमध्ये हळद टाकायचा ट्रक ड्रायव्हरांचा जुना उपाय आणि बाटलीतली महागडी गळतीबंद पावडर, या दोन्हींचं तत्त्व एकच: बारीक कण भोकात अडकतात. पण रेडिएटरची कोणती नळी बारीक आणि कोणती चिरलेली, हे त्या कणांना कळत नाही. आणि मायक्रॉनभर फटीच्या सीलमध्ये कण घालणं म्हणजे त्याला पॉलिश पेपर लावणं.

भाच्याची गाडी आम्ही त्याच रविवारी खोलली. कूलंट घमेल्यात काढून घेतलं आणि आधी झाकून ठेवलं. ग्लायकॉल चवीला गोड लागतो, कुत्री चाटतात, आणि तो विष आहे. मोठ्या माणसालाही 100 मिलिलिटर जिवावर बेतू शकतं. ते गटारात ओतू नका, उघडंही ठेवू नका. कव्हर उघडून पंखा काढला, जुनं सील बाहेर आलं. कार्बनच्या कड्यावर आतून बाहेर जाणारा एक आडवा ओरखडा नखाला लागत होता. ऑइल सीलचा ओठ मागं दुमडलेला होता. शाफ्ट चांगला निघाला, बोटाला खाच लागली नाही, बेअरिंगही हललं नाही.

नवीन सील बसवताना त्याच्या घासणाऱ्या तोंडाला बोट लावायचं नाही, हातोडी तर मुळीच मारायची नाही. बाहेरच्या कडेवर नेमका बसेल असा सॉकेट ठेवून सरळ दाबत नेलं. पॅकिंग नवं, पाणी काढायच्या बोल्टचा तांब्याचा वायसरही नवा. कव्हरचे 6 मिलिमीटरचे बोल्ट साधारण 10 न्यूटन-मीटरनंच आवळायचे, ॲल्युमिनियमचे आटे जास्त सोसत नाहीत. मग एमसील ड्रिलनं नाही, टोच्यानं उकरून काढलं.

कूलंट सावकाश ओतलं. गाडी दोन्ही अंगांना कलती करून हवा काढली, झाकण न लावता इंजिन चालू ठेवलं. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर कूलंट रेडिएटरकडं सोडणारी झडप, उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा पुन्हा भरलं आणि झाकण लावलं. दुधाळ ऑइल काढून स्वस्तातलं नवं घातलं, थोडं चालवून तेही काढलं, असं दोनदा केलं आणि तिसऱ्यांदा फिल्टर बदलून नेहमीचं भरलं. सीलांचा खर्च काही शे रुपये झाला. ऑइलवर त्याहून जास्त गेले.

पंधरा दिवसांनी तो कणकुंबीला जाऊन परत माझ्याकडं आला. इंजिन निवेपर्यंत जेवलो, मग पंपाखाली पांढरा कागद धरून भोकाच्या कडेनं कापसाची काडी फिरवली. तांबडी धूळ आली आणि तिच्यात वाळलेला, मोहरीएवढा हिरवट ठिपका. काचेतलं ऑइल मधासारखं स्वच्छ होतं. टाकीतलं कूलंट आत उरलेली हवा निघाल्यामुळं बोटभर उतरलं होतं, तेवढं घातलं. पुढच्या रविवारी त्यानं फोन करून सांगितलं, पातळी तिथंच आहे.