रिकर्व्ह धनुष्यातील कंपनियंत्रण

ज्याची दोन्ही टोके तिरंदाजापासून दूर, पुढच्या बाजूला वळलेली असतात ते रिकर्व्ह धनुष्य. १९७२ साली म्युनिकमध्ये तिरंदाजी ऑलिंपिकमध्ये परतली ती याच धनुष्यासह. दोरी ओढताना पात्यांमध्ये, म्हणजे लिंब्जमध्ये, साठलेली सगळी ऊर्जा बाणाला मिळत नाही. उत्तम जुळवलेल्या धनुष्यातही साधारण पाव हिस्सा मागे उरतो आणि दोरी, पाती व रायझर, म्हणजे मुठीचा मधला भाग, यांना हादरवतो. हाताला बसणारा झटका आणि कानावर पडणारा खडखडाट त्याचाच.

दोरी सोडल्यापासून बाण तिच्यापासून सुटेपर्यंत सेकंदाचा जेमतेम साठावा भाग जातो. मोठा हादरा येतो त्यानंतर, त्यामुळे गेलेल्या बाणाचे तो काही बिघडवत नाही. बिघडतो तो पुढचा बाण. पात्रता फेरीतले ७२ बाण मारताना कोपर दुखू लागते, स्क्रू सैल होतात, आणि झटक्याच्या धास्तीने मूठ आधीच आवळली जाते.

उपाय दोरीपासून सुरू करावा. धनुष्याच्या मुठीच्या सर्वांत खोल भागापासून दोरीपर्यंतचे अंतर म्हणजे ब्रेस हाइट. ६८ इंची धनुष्यात ती बहुधा साडेआठ ते नऊ इंच ठेवतात. दोरी उतरवून तिला चार-पाच पीळ द्यायचे, पुन्हा चढवायची, काही बाण मारायचे आणि आवाज ऐकायचा. पीळ वाढला की दोरी आखडते, ब्रेस हाइट वाढते. ती फार कमी असेल तर सुटलेली दोरी पात्यांच्या वळणावर आपटून खणखणते. फार जास्त असेल तर बाणाला रेटा कमी अंतर मिळतो आणि वेग घटतो. मधे कुठेतरी आवाज एकदम बसका, मऊ होतो. ते माप वहीत लिहून ठेवावे, कारण नवी दोरी ताणते आणि माप सरकते.

बाणाचे वजनही तितकेच महत्त्वाचे. जड बाण जास्त ऊर्जा घेतो, धनुष्य शांत राहते. मात्र ७० मीटरवर तो अधिक खाली येतो. बाणाशिवाय दोरी कधीच सोडू नये: सगळी ऊर्जा पात्यांवर उलटते आणि ती तडकू शकतात.

हे जमल्यावरच स्टॅबिलायझरकडे वळावे. लांब दांड्याच्या टोकाचे वजन धनुष्याला नेमक्या त्या साठाव्या भागात वळू देत नाही, म्हणून अचूकतेला त्याचा थेट उपयोग होतो. रबरी डॅम्पर त्यानंतरची थरथर गिळतो, तो हातासाठी. वजन इतकेच असावे की शेवटच्या फेरीतही धनुष्याचा हात खाली झुकणार नाही. बेअरबो, म्हणजे नेम धरायच्या साधनाशिवायच्या धनुष्याच्या, प्रकारात लांब दांडे चालत नाहीत. दोरी उतरवलेले धनुष्य १२.२ सेंटिमीटरच्या कड्यातून पार जावे लागते, म्हणून वजने रायझरलाच लावतात.

आपल्याकडे इंडियन राउंड या देशी स्पर्धाप्रकारात बांबूच्या धनुष्यावर शिकणाऱ्या मुलांच्या हाती यातले काहीच जोडसामान नसते. तिथे दोरीचा पीळ, बाणाचे वजन आणि सैल सोडलेली मूठ एवढ्यावरच झटका आवरतात.