भिंतीवरची काळी बुरशी म्हणजे ‘ब्लॅक फंगस’ नव्हे

कांद्यावरची, फ्रिजच्या रबरावरची, भिंतीवरची काळी बुरशी म्हणजेच म्युकरमायकोसिस (‘ब्लॅक फंगस’ नावाने ओळखला जाणारा आजार), हा 2021 पासून फिरणारा मेसेज चुकीचा आहे. म्युकरच्या बुरश्या वेगळ्या. त्या आजारात काळी पडते ती रक्तपुरवठा तुटून मेलेली ऊती. कांद्यावर बहुधा अ‍ॅस्परजिलस नायजर असते, ओल्या भिंतीवर अनेकदा क्लॅडोस्पोरियम.

पण म्हणून भिंतीवरची बुरशी निरुपद्रवी ठरत नाही. शिंका, खोकला, दम्याचा झटका हे तिचे खरे त्रास. पिंजऱ्यातल्या पोपटाला तर अ‍ॅस्परजिलस फुफ्फुसात जाऊन जिवावर बेतू शकतं. बुरशी कोरडी खरवडू नका, बीजाणू उडतात. मास्क लावून साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा. आधी गळती बंद करा, आर्द्रता 60 टक्क्यांखाली ठेवा. ओलीवर मारलेला रंग पुन्हा फुगतोच.