टॉवेल, पत्ते आणि डॉल्फिन

मामांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. दवाखान्यातून घरी आल्यावर फिजिओथेरपिस्टने दिलेला व्यायाम अगदी साधा होता. जेवणाच्या टेबलावर टॉवेलची घडी ठेवायची, तिच्यावर तळहात ठेवायचा, पुढे सरकवायचा, मागे आणायचा. मामी शेजारी बसून मोजायची. "अहो, अजून पाच." बाराव्या-पंधराव्या खेपेला मामा खिडकीबाहेर बघू लागत. हात दुखत नव्हता, जीव विटला होता.

हा कंटाळा उपचाराच्या मुळावर येतो. झटक्यात मेंदूचा जो भाग रक्ताविना मरतो तो परत जिवंत होत नाही. त्याचं काम जमेल तितकं शेजारच्या भागांना शिकून घ्यावं लागतं, आणि ते शिकणं होतं हालचाल पुन्हा पुन्हा करूनच. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूतले बदल दिसले ते दिवसाला काहीशे हालचाली करून घेतल्यावर. माणसांच्या वाट्याला किती येतात? २००९ साली झटक्यानंतरच्या उपचारांच्या सात केंद्रांतल्या ३१२ सत्रांची मोजदाद प्रसिद्ध झाली. पकडणं, उचलणं, पुढे नेणं अशा हाताच्या कामाच्या हालचाली भरल्या सत्रामागे सरासरी ३२. मला तर हा आकडा वाचून धक्काच बसला.

व्हिडिओ गेमकडे डॉक्टरांचं लक्ष गेलं ते यामुळे. २००६ मध्ये निन्टेन्डो या जपानी कंपनीचा 'वी' आला, टीव्हीला जोडून खेळायचा गेमचा संच. हातातला रिमोट फिरवला की पडद्यावर टेनिसची रॅकेट फिरते. कॅनडातल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने चार देशांतल्या १४१ रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी झाली. नेहमीच्या उपचारांसोबत एका गटाने दोन आठवड्यांत तासातासाची दहा सत्रं वी खेळायचं. दुसऱ्या गटाने तेवढाच वेळ पत्ते, बिंगो, ठोकळे रचायचा जेंगा. २०१६ साली निकाल आला: सुधारणा दोन्ही गटांत झाली, वी काही वरचढ ठरला नाही.

यात मला निराश होण्यासारखं काही दिसत नाही. वीचे खेळ धडधाकट लोकांसाठी बनलेले. नुसत्या मनगटाच्या झटक्यानेही चेंडू पलीकडे जातो. ज्याचा हात उचलत नाही तो मग कमरेतून वाकतो, खांदा कानाशी नेतो आणि वेळ मारून नेतो. पडद्यावर गुण वाढत राहतात, कोपर मात्र सरळ होतच नाही. ही चोरी मशिनला कळत नाही, शेजारी उभ्या असलेल्या फिजिओथेरपिस्टला कळते.

म्हणून अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात मेंदूविकारतज्ज्ञ जॉन क्राकाउर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांसाठीच एक खेळ रचला. पडद्यावर डॉल्फिन. दुबळ्या हाताचं वजन एक यंत्र तोलून धरतं आणि हात वळेल तसा डॉल्फिन वळतो, सूर मारतो, मासे पकडतो, शार्कशी झुंजतो. इथे 'कप उचला, खाली ठेवा' असं काही नाही. लहान मूल जसं हात कुठे कुठे जातो ते चाचपून बघतं, तसं रुग्णाने बघायचं. झटक्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, मेंदू शिकायला सर्वात तयार असताना, २४ रुग्णांना नेहमीच्या उपचारांवर तीस तास जादा सराव दिला. निम्म्यांना डॉल्फिन, निम्म्यांना नेहमीचा व्यायाम. याही वेळी दोन गटांत फरक पडला नाही. पण हाताने वस्तू पकडण्या-हलवण्याच्या कसोटीत दोन्ही गट, एरवीचे मोजके उपचार मिळालेल्या पूर्वीच्या रुग्णांपेक्षा पुढे गेले. म्हणजे गुण आला तो सरावाच्या तासांचा. आणि एवढे तास कंटाळलेल्या माणसाकडून काढून घ्यायचे तर खेळासारखा सोबती नाही.

आमच्याकडे डॉल्फिन नव्हता. मामांच्या धाकट्या भावाने संध्याकाळी रमी मांडायला सुरुवात केली. फिजिओथेरपिस्टने दोनच अटी घातल्या: पाठ खुर्चीला टेकलेली हवी, आणि पान उचलायचं-टाकायचं ते उजव्या हाताने. पहिल्या दिवशी निम्मी पानं टेबलाखाली गेली. दीड तास डाव चालला आणि मामी मोजायचंच विसरली.