मास्तरांची 'सेवा' नेमकी कोणती?

ख्रिस्ती मास्तर वारले की शोकपत्रिकेत एक वाक्य हमखास असते: 'छत्तीस वर्षे निष्ठेने सेवा केली.' शाळेतल्या सहकाऱ्यांना त्यात नोकरी दिसते, चर्चच्या मंडळीतल्या लोकांना देवाचे काम. दोन्ही अर्थ खरे, आणि घोळ जुना आहे.

अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत आले आणि १८३१ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. पहिल्या शाळांत शिकवणारे पंतोजी बहुतेक हिंदूच होते. खेड्यातला ख्रिस्ती मास्तर ठळकपणे दिसू लागला तो १८७६-७८ च्या दुष्काळानंतर, गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून बाप्तिस्मे वाढले तेव्हा. खोली एकच. आठवडाभर तिथे बाराखडी आणि पाढे, रविवारी त्याच फळ्यासमोर उपासना. पगार मिशनचा असल्यामुळे मास्तर कुठे संपतो आणि उपदेशक कुठे सुरू होतो, हे विचारण्याचे कारण कुणालाच नव्हते.

कारण निर्माण झाले ते सरकारी ग्रँटमुळे. १८५४ च्या वूडच्या खलित्याने, म्हणजे शिक्षणाविषयीच्या सरकारी आदेशपत्राने, खासगी शाळांना अनुदानाची वाट मोकळी केली, पण पैसे लौकिक शिक्षणासाठी. शाळेतल्या धर्मशिक्षणाची तपासनिसाने दखलच घ्यायची नाही. म्हणजे डिपटीने बायबलच्या तासाकडे पाठ फिरवायची आणि गणिताचा तास तपासायचा. तोडगा चतुर होता, पण एका माणसाचे दोन तुकडे त्यानेच पाडले. पुढे राज्यघटनेच्या २८ व्या कलमाने रेघ स्पष्ट केली: पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण नाही, मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत संमतीवाचून, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकांच्या संमतीवाचून, सक्ती नाही. १९७७ साली महाराष्ट्रात खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा झाला आणि नेमणूक, बडतर्फी, निवृत्ती नियमांत बसली. मास्तरांना संरक्षण मिळाले. त्याबरोबर 'सेवा' हा शब्दही कार्यालयाच्या ताब्यात गेला: सेवापुस्तक, सेवाज्येष्ठता, सेवानिवृत्ती.

या घोळाचे टोक नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दिसले. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या कॅथलिक सिस्टर आणि फादर यांच्या पगारातून प्राप्तिकर कापावा का, हा वाद दक्षिणेतून तिथवर गेला होता. त्यांचे म्हणणे असे की, आम्ही दारिद्र्याचे व्रत घेतले आहे, पगार आमच्या हाती राहतच नाही, तो थेट धर्मसंघाकडे जातो. मग उत्पन्न आमचे कसे? न्यायालयाने अपिले फेटाळली आणि करकपात कायम राहिली. कायद्याचा हिशेब सरळ आहे: पगार शिकवणाऱ्याच्या नावे निघतो, पुढे तो कुणाला दिला हा त्याचा प्रश्न. मला तो पटतो, पण पुरता नाही. व्रत घेतलेल्या बाईला 'तुझे उत्पन्न' म्हणताना तिच्या आयुष्याची मूळ अटच बाजूला राहते. आपल्याकडच्या प्रॉटेस्टंट मास्तरांना मात्र या वादाचे फारसे सुतक नव्हते. ते संसारी, कर बसला की भरत, घरी येऊन दशांश, म्हणजे देवासाठी मिळकतीचा दहावा हिस्सा, वेगळा काढत, आणि त्याची वाच्यता करत नसत.

ज्या सरांच्या स्मरणसभेच्या निमित्ताने हे लिहिले, त्यांनी दोन सेवांचा हिशेब कधी मिसळू दिला नाही. शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचा रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग, ते शाळेच्याच वर्गात घेत, व्यवस्थापनाची परवानगी होती. पण खडू घरून आणत, रुमालात बांधून. फळ्याखाली शाळेचा खडू पडलेला असे. आम्हा पोरांपैकी कुणी तो उचलला तर म्हणत, "ठेव तो, सोमवारचा आहे."