मान सोडून देण्याची गोष्ट

फ्लोट टँकमध्ये, म्हणजे दाट मिठाच्या पाण्यात तरंगत पडून राहायच्या टाकीत, पहिल्यांदा उतरलेल्या माणसाची मान बघावी. पाठ तरंगते, पाय आपोआप वर येतात, हात बाजूला पसरतात, मान मात्र ताठच राहते. डोकं सोडलं तर नाकातोंडात पाणी जाईल, ही धास्ती मनाची कमी आणि स्नायूंची जास्त. पाणी डोकं उचलून धरणार आहे हे आपल्याला समजलेलं असतं, पण मानेला ते पटायला वेळ लागतो. काहींच्या मानेला पहिल्या खेपेत पटतच नाही. ज्यांची मान, खांदे किंवा पाठ वर्षानुवर्षं दुखत आली आहे, त्यांना हे सोडून देणं सगळ्यात अवघड जातं. टाकीत उतरायची गरज बहुधा त्यांनाच असते.

टाकीत पाणी जेमतेम २५ ते ३० सेंटिमीटर असतं, वीतभराहून थोडं जास्त. त्यात शेकडो किलो एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट विरघळवलेलं असतं. साध्या पाण्याची घनता १ धरली तर या पाण्याची १.२५ ते १.३ होते. माणसाच्या शरीराची घनता साधारण १ च्या आसपास असते. त्यामुळे शरीराचा जवळजवळ पाचवा हिस्सा पाण्याबाहेरच राहतो, आणि बुडायचं ठरवलं तरी बुडता येत नाही. पाण्याचं तापमान ३४ ते ३५ अंश सेल्सिअस, म्हणजे त्वचेइतकंच ठेवतात. मग पाणी गार लागत नाही की गरमही लागत नाही. अंधारात थोडा वेळ निश्चल पडून राहिलं की आपली त्वचा कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं, तेच कळेनासं होतं. कान पाण्याखाली असतात. ऐकू येतो तो आपलाच श्वास, आणि थोड्या वेळाने छातीचा ठोका.

गादीवर पडूनही आराम मिळतोच, मग पाणी कशाला, असा प्रश्न पडेल. पण गादीवर टाचा, कंबर, खांद्यांची पाती या ठरावीक जागांवर भार येतो. तिथून मेंदूकडे खबरा जात राहतात, मेंदू कूस बदलायला सांगत राहतो. तरंगताना भार सगळीकडे सारखा वाटला जातो. स्नायू आणि सांध्यांमधून अखंड येणारी ‘तोल सांभाळ, वजन पेल’ ही गडबड एकदम ओसरते. जन्मापासून गुरुत्वाकर्षणाशी चाललेली झटापट तासाभरापुरती थांबते.

ही कल्पना उपचारातून जन्मलेली नाही. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थमध्ये जॉन लिली या संशोधकाला एक साधा प्रश्न पडला होता. बाहेरून काहीच संवेदना आल्या नाहीत, तर मेंदू झोपी जातो की जागा राहतो? त्यासाठी त्याने पाण्याची टाकी बनवली. मेंदू जागाच राहिला. त्याच दशकात कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात डोनाल्ड हेब यांच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना डोळे आणि हात झाकून दिवसच्या दिवस पलंगावर झोपवलं जात होतं. बहुतेकांना दोन-तीन दिवसही काढवले नाहीत, अनेकांना भास झाले. त्यामुळे अशा एकांताचं नाव बदनाम झालं. पण दिवसच्या दिवस ताटकळत पडणं वेगळं, आणि तासभर, आपल्या मर्जीने, कधीही उठून बाहेर येता येईल अशा पाण्यात पडणं वेगळं. हा फरक पुढे मानसिक आघाताच्या संदर्भात फार महत्त्वाचा ठरतो.

आधी दुखण्याकडे येऊ. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या दुखण्याला जुनाट म्हणतात. त्यात बरेचदा जखम भरलेली असते, पण मज्जासंस्था हळवी होऊन बसलेली असते. जणू गजराचं बटण अडकलं आहे आणि वाऱ्याच्या झुळकेनेही घंटा वाजते आहे. १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या संशोधकांनी मांडलं की मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर एक प्रकारचं दार असतं. दुसऱ्या संवेदना आणि मेंदूतून येणारे संदेश ते दार किलकिलं किंवा सताड करू शकतात. भीती, ताण आणि अपुरी झोप ते उघडं ठेवतात. दुखतं म्हणून स्नायू आखडतात, आखडले म्हणून आणखी दुखतं. तरंगताना ही साखळी निदान एका ठिकाणी तुटते, कारण आखडून राहण्याचं कारणच काही वेळ नाहीसं होतं.

प्रत्यक्ष अभ्यास काय सांगतात? २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश अभ्यासात मान-पाठीच्या जुनाट स्नायूदुखीचे ३७ रुग्ण होते. त्यांच्या सगळ्यात तीव्र वेदना कमी झाल्या, सौम्य वेदनांमध्ये मात्र फरक पडला नाही. २०२१ मध्ये जर्मनीतल्या ९९ रुग्णांवरची चाचणी जास्त कडक होती. एका गटाला खरी टाकी, दुसऱ्याला परिणाम मुद्दाम कमी केलेली दिखाऊ टाकी, तिसऱ्याला नुसती प्रतीक्षा. सत्रानंतर थोडा काळ वेदना आणि चिंता उतरलेली दिसली. पण दीर्घकाळात खऱ्या टाकीने दिखाऊ टाकीपेक्षा जास्त काही दिलं नाही.

हा निकाल मी लपवणार नाही, कारण जुनाट दुखणं असलेल्या माणसाला खोटी आशा विकणं हा मला अपराध वाटतो. टाकीने दुखणं जातं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मीठ कातडीतून झिरपून शरीरातली मॅग्नेशियमची कमतरता भरून काढतं, या दाव्यालाही भक्कम आधार नाही. मिठाचं काम तुम्हाला उचलून धरण्याचं आहे, आणि ते काम ते चोख करतं. तरीही थोड्या वेळाचा उतार ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. अनेक वर्षं एकाच पातळीवर ठणकणारं अंग अचानक हलकं पडतं, तेव्हा दुखणं कमी-जास्त होऊ शकतं हे शरीराला पहिल्यांदा कळतं. फिजिओथेरपी, व्यायाम आणि झोप सुधारणं यांसाठी तो उतार वापरता आला तर त्याचं चीज होतं.

मानसिक आघाताची बाब जास्त नाजूक आहे. आघात सोसलेल्या माणसाला अनेकदा स्वतःच्या शरीराचीच भीती बसलेली असते. छाती धडधडली की ते धोक्याचं चिन्ह वाटतं, म्हणून लक्ष सतत बाहेर, पहारा देत राहतं. टाकीत बाहेर पहारा देण्यासारखं काहीच नसतं. लक्ष आत वळतं, नेमकं त्या धडधडीकडे. यातून घाबरगुंडी वाढेल असं वाटतं. संशोधक जस्टिन फाइनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या टल्सा इथे हेच तपासलं. शरीरातल्या चिंतेच्या लक्षणांना खूप घाबरणाऱ्या ३१ जणांना हृदय आणि श्वासाची जाणीव तरंगताना जास्त झाली, आणि तरीही त्यांची चिंता उतरली, रक्तदाब खाली आला. या अभ्यासासारख्याच २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात चिंता आणि ताणाशी निगडित विकारांचे ५० जण होते, त्यांत आघातोत्तर तणावाचे रुग्णही होते. तासाभराच्या एकाच सत्रानंतर त्यांची चिंता लक्षणीय कमी झाली. या अभ्यासात तुलनेसाठी आजारी माणसांचा दुसरा गट नव्हता, आणि परिणाम त्या दिवसापुरताच मोजला होता, हे लक्षात ठेवायला हवं.

मला यात मोलाची वाटते ती एक शक्यता. ज्या ठोक्याचा अर्थ इतकी वर्षं ‘पळ’ असा होता, तोच ठोका शांत, कोमट, सुरक्षित जागी ऐकू येतो आणि वाईट काहीच घडत नाही. मेंदू नवा अर्थ शिकतो तो अशाच अनुभवांतून, समजावून सांगितल्याने नव्हे.

प्रत्येकाला असंच होईल याची हमी नाही. बंद जागा, अंधार किंवा पाणी यांपैकी काही ज्याच्या आघाताशी जोडलेलं आहे, त्याला टाकीत आठवणींचा लोंढा येऊ शकतो. काही जण शरीरापासून तुटल्यासारखे होतात, आणि बाहेरून ते शांत वाटतात. त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञाशी बोलून, उपचार चालू असतानाच हे करून पाहावं. नियंत्रणात नसलेला अपस्मार (फिट येणं), गंभीर मूत्रपिंडविकार, खूप कमी रक्तदाब, उघडी जखम किंवा त्वचेचा संसर्ग असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय उतरू नये. बारीकसा ओरखडाही मिठाने चांगलाच चुरचुरतो, म्हणून त्यावर आधी व्हॅसलीन लावतात. आदल्या दिवशी दाढी केली असेल तरी चुरचुर जाणवू शकते. डोळ्यात थेंब गेला तर साध्या पाण्याची बाटली हाताशी हवी.

दार लावण्याची सक्ती नसते, अंधाराचीही नसते. टल्सामधले तरंगण्याचे तलाव वरून उघडेच होते. पहिल्या खेपेला दार उघडं, दिवा मंद, वीस मिनिटं, इतकं पुरे. उठायला कधीही मोकळीक आहे हे हाताने एकदा दार ढकलून बघावं, मग आडवं व्हावं. मान तयार नसेल तर डोक्याखाली घ्यायला फोमची मऊ रिंग मागता येते. बऱ्याच जणांची रिंग तिसऱ्या-चौथ्या खेपेला पायाशी कुठेतरी तरंगत असते, आणि ती कधी सुटली हे त्यांना आठवत नाही.