शेवटच्या रुपयावरचा कर

"पगारवाढ नको रे बाबा, वरच्या स्लॅबमध्ये गेलो तर हातात कमीच पडेल." दर मार्चमध्ये ऑफिसात हे वाक्य ऐकू येतं. ते चूक आहे. वाढीव दर फक्त स्लॅब ओलांडून गेलेल्या रकमेला लागतो. नव्या करप्रणालीत करपात्र उत्पन्न १६ लाखांवरून १६ लाख १० हजार झालं, तर २० टक्के कर त्या १० हजारांवरच: २,००० रुपये आणि त्या करावरच्या ४ टक्के उपकराचे ८०. उरलेले ७,९२० तुमचेच.

अजून एक तास राबायचं की घर गाठायचं, हे ठरवताना महत्त्वाचा असतो तो पुढच्या रुपयावरचा कर. त्याला सीमांत दर म्हणतात. तो वाढला की माणसाला दोन उलट ओढी लागतात. जादा तासाचे पैसे कमी मिळतात, म्हणून तो सोडून देणं परवडतं. हा प्रतिस्थापन परिणाम. पण घराचा हप्ता तर तेवढाच असतो, म्हणून तूट भरायला जास्त राबावं लागतं. हा उत्पन्न परिणाम. कुठली ओढ जिंकेल, हे माणसागणिक बदलतं. म्हणूनच 'कर घटवा, देश आपोआप जास्त राबेल' हा दावा मला गंडादोऱ्याच्या जातीचा वाटतो.

१९७३-७४मध्ये आपल्याकडे सर्वोच्च सीमांत दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. त्या टप्प्यात शंभरातले सव्वादोन रुपये हाती उरत. करचुकवेगिरीचं मोठं कारण हे चढे दरच आहेत, असं प्रत्यक्ष करांच्या चौकशीसाठी नेमलेल्या वांछू समितीने त्याआधीच बजावलं होतं. दर इतका चढला की काम कमी करण्यापेक्षा उत्पन्न लपवणं सोपं जातं.

एका जागी मात्र पगारवाढ नको म्हणणाऱ्या त्या सहकाऱ्याची भीती खरी ठरते. २०२५च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कर माफ केला. त्यावर एक रुपया गेला की एकदम ६० हजारांचा कर अंगावर येऊ नये, म्हणून १२ लाखांच्या वर गेलेल्या रकमेइतकाच कर घेण्याची सवलत आहे. म्हणजे १० हजार जास्त कमावले तर कर १० हजार, आणि त्यावर ४ टक्के उपकराचे ४००. सीमांत दर १०४ टक्के! साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंतच्या या पट्ट्यात जादा कामाचं मोल शून्याच्याही खाली जातं. माझ्या मते ही रचनेतली चूक आहे, आणि ती दुरुस्त व्हायला हवी.

आता पगारपत्रकातला व्यवसाय कर पाहा. महिन्याला २००, फेब्रुवारीत ३०० रुपये. पगार दुप्पट झाला तरी तेवढाच, त्यामुळे पुढच्या रुपयावर त्याचा भार शून्य. महाराष्ट्राने हा कर १९७५मध्ये आणला तो रोजगार हमी योजनेसाठी. त्या योजनेत मजुरी कामाच्या मापाने ठरे. ज्याने जास्त माती खोदली, त्याला जास्त पैसे.